शनिवारचा अर्धा तास

मानवतच्या जुन्या जिनिंगमध्ये आता गाठी नाहीत,
आमच्या मॅट आहेत. सात. त्यातली एक ताडपत्रीने शिवलेली.
उडी झेलायच्या खड्ड्यात जिनातला टाकाऊ कापूस,
पोर त्यातून बाहेर येतं
ते केसांत सरकी घेऊनच.

सोमवार ते शुक्रवार मी मोजते.
कोपर. गुडघा. टाच. पुन्हा कोपर.
माझ्या तोंडून गुळवे सर बोलतात:
‘पुस्तकात नाही ते अंगात आणायचं नाही.’
त्यांनी खडूने रेघ मारली,
मी सोळा वर्षं तिच्यावरून चालले.
पाय एकदाही घसरला नाही,
आणि माझं असं एकदाही काही केलं नाही.
मेडलं आहेत. फडताळात, हळदीच्या डब्यामागे.

म्हणून शनिवारी, शेवटचा अर्धा तास,
शिट्टी खिळ्याला टांगली.
म्हणाले, ‘आता मी काही सांगणार नाही.’
पोरं उभीच राहिली.
एकाने कोलांटी मारून माझ्याकडे पाहिलं,
गणित सोडवून गुरुजींकडे बघावं तसं.
पुढच्या शनिवारी कुणीतरी विचारलं,
‘मॅडम, हे किती मार्काला हाय?’
मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
ते मिटणं मला हँडस्टँडपेक्षा जड गेलं.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्याला
प्रणेश बिडगर कडबाकुट्टी झाला.
हात चाकासारखे गरगर,
शेवटी स्वतःच बारीक होऊन सांडला.
सगळे हसले, मीही.
मग लक्षात आलं, त्या सांडण्यात
आधी खांदा, मग पाठ, मग कंबर,
जे मी त्याला जूनपासून शिकवायले.

अल्फिया भिंतीला टेकलेली असायची.
एकदा निघाली. तुरुतुरु चार पावलं, थांबली.
मान वाकडी.
पुन्हा तुरुतुरु, एक हात मोडल्यासारखा, लंगडत,
थांबली,
आणि त्या थांबलेल्या जागेवरूनच
हवेत उलटली.

‘काय करायलीस?’
‘टिटवी, मॅडम. दुधनेच्या काठाला हाय.
माणूस आला की लंगडायचं सोंग करती,
अंड्यापासून लांब न्यायला.’

गुळवे सर माझ्या घशापर्यंत आले.
कोपर वाकलं होतं. टाच सुटली होती.
त्या थांबण्याला पुस्तकात नाव नव्हतं.
मी विचारलं, ‘तेव्हा पंख कसा धरते ती?’
खरंच माहीत नव्हतं मला.
तिने दाखवला.
मग मी कोपराचं बोलले. तिने ऐकलं, म्हणाली,
‘उलटताना सरळ ठिवते. लंगडताना नाय.’

लातूरला पंचांनी पाच दशांश कापले.
शेऱ्यात लिहिलं, अनावश्यक विराम.
परतीच्या एसटीत, गंगाखेडच्या पुढे,
तिने विचारलं, ‘काढून टाकू का?’
मला गुण हवे होते, खोटं कशाला बोलू.
बाहेर हरभऱ्याच्या रानावर अंधार उतरायला लागला होता.
‘टिटवी तुझी आहे,’ म्हणाले, ‘तू ठरव.’
ती माझ्या दंडाला डोकं लावून झोपली.
काय ठरवलं, अजून सांगितलेलं नाही.

आज शनिवार. शिट्टी खिळ्याला.
पोरं आता माझ्याकडे बघत नाहीत.
मी चप्पल काढली,
ताडपत्रीच्या मॅटवर जाऊन उभी राहिले.
बावन्नाव्या वर्षी, हात दोन्ही बाजूंना सोडून.
काय करावं ते सुचेना.
उभीच राहिले.