हमदुलेंची खुर्ची

सोहारला, बंदरामागच्या गोडाऊनमध्ये
मला हमदुलेंची खुर्ची मिळाली.
पाठीचा खड्डा अजून तिच्यात होता.
आणि त्यांचा कॉम्प्युटर.
कोयामू साहेब म्हणाले, साफ करून घे,
सोमवारी ऑडिट आहे.

नवी टॅब उघडली. आठ चौकोन.
रियालचा भाव.
मस्कतहून मुंबई, सगळ्यात स्वस्त तारीख.
दहावीचा निकाल.
एक नुसताच राखाडी, त्यात एकटा द.

चौकोनावर बाण नेला की कोपऱ्यात तीन ठिपके उगवतात,
त्यांत लिहिलेलं असतं: काढून टाका.
मग तळाशी पट्टी येते, पूर्ववत करायचं का,
जरा वाट बघते
आणि विचारणं सोडून देते.

मला वाटलं, आठदा दाबलं की झालं.
पण एक काढला की मागचा पुढे सरकतो,
नळावर हंडे सरकतात तसा.
भाव काढला,
तर जुनी स्कूटी, खेड-दापोली परिसर.
निकाल काढला, तर मुलींसाठी नर्सिंग, वसतिगृहासह.
विमान काढलं, तर गुडघ्याची वाटी, खर्च किती.
मग चिऱ्याचा दर, हजारी.
पुन्हा चिऱ्याचा दर, दुसरीकडचा.
मग व्हिसा रद्द झाल्यापासून किती दिवस.

इथे मी चहा आणायला उठले.

स्टोअरमधला सईद म्हणाला,
हमदुले फार बोलायचे नाहीत.
सकाळी आले की आधी तो द उघडायचे,
हेल्मेट नंतर काढायचे.

द म्हणजे दाभोळ.
भरती-ओहोटीच्या वेळा.
एवढंच होतं पानावर. एक तक्ता,
आणि लाटेसारखी एक निळी रेघ.

तोही काढला मी. ऑडिट होतं.
पट्टी आली, गेली.
पांढऱ्या पडद्यावर फक्त शोधायची चौकट उरली
आणि तिच्यात लुकलुकणारी काडी.

आता तिथे माझे चौकोन येऊ लागलेत.
रियालचा भाव, अर्थातच.
सोलापूरच्या एका दवाखान्याचा पत्ता.
आणि पहिल्याच जागी, राखाडी, द.

मी सांगोल्याची.
आमच्याकडे पाणी टँकरने येतं,
भरती कशाला म्हणतात ते मी इथे येऊन पाहिलं.

आज दाभोळला पाणी चढेल पावणेतीनला.
इथल्या घड्याळात सव्वा.
तेव्हा मी डबा उघडते.