बर्फवालीचं भाषण

किसुमूच्या तंत्रशाळेनं मला बोलावलं होतं,
पोरांना प्रेरणा द्यायला.
जणू ती पिशवीत बांधून देता येते,
पाच किलो, दहा किलो, वर भुसा टाकून.

फळ्यावर खडूनं लिहिलेलं: पेरेस अदोंगो, उद्योजिका.
शेवटचं अक्षर जागा नाही म्हणून खाली ओघळलेलं.
समोर साठ-सत्तर पोरं, पंखा एकच,
आणि मागच्या बाकावर एकजण चक्क झोपलेला.
मला तोच सगळ्यांत खरा वाटला.

मी म्हटलं, मी बर्फ विकते.
दुंगाच्या किनाऱ्यावर, पहाटे तीनला,
होड्या तिलापिया घेऊन येतात तेव्हा.
हसले सगळे. हसू देत.
माझे वडीलही हसले होते, मग गंभीर झाले:
"पैसे पाण्यात घालतेस, पोरी."
तंतोतंत तेच करत होते मी,
फक्त पाणी आधी गोठवत होते.

आम्ही जुळ्या. अपियो आधी आली, मी मागून;
आमच्याकडे नावातच तो क्रम असतो.
दोघींनाही एल्दोरेतला नर्सिंगचा प्रवेश मिळाला.
ती गेली.
मी बसस्थानकापर्यंत तिची ट्रंक उचलली
आणि परत आले.
का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.
आता बावन्नाव्या वर्षी लोक विचारतात,
म्हणून एक कारण तयार ठेवलंय.
ते सांगितलं. टाळ्या पडल्या.

खरं कारण बहुधा एवढंच, की
त्या दिवशी ऊन फार होतं
आणि स्थानकावर एक बाई माशांवर ओलं पोतं टाकून
वारा घालत बसली होती,
आजाऱ्याला घालावा तसा.

सांगायचं बरंच राहिलं.
पहिल्या वर्षी वीज गेली, एकोणीस तास.
चाळीस लाद्या.
दाराखालून पाणी निघालं, रस्ता ओलांडून गटाराकडे,
सावकाश, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं.
मी दार उघडून दिलं. वस्तीतली मुलं
उरलेले तुकडे चोखत घरी गेली.
त्या रात्री माझ्यात काडीचीही प्रेरणा नव्हती.
सकाळी उठले, कारण
जनरेटरवाल्या ओकुमूचा हप्ता होता.
उसनं अवसान म्हणतात,
माझं तर व्याजानं घेतलेलं.

आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ओबुरा होता.
माझ्याआधी उठायचा, माझ्याहून गोड बोलायचा,
हिशेबही माझ्याहून चोख.
त्याचा कॉम्प्रेसर जळाला. माझा जळाला नाही.
यात शिकवण्यासारखं काही नाही,
म्हणून ओबुरा कुठल्याच भाषणात बसत नाही.

रविवारी सकाळी अपियोचा फोन येतो.
ती रात्रपाळीवरून घरी निघालेली,
मी किनाऱ्यावरून.
तिला वाटतं, मी मोकळी.
मला तिचा पगार दिसतो,
ठरल्या तारखेला न चुकता उगवणारा.
एका पोटातून आलो,
तरी दुसऱ्या वाटेवर काय होतं
ते एकमेकींकडे बघून कळत नाही.
मी चालले असते तर ती वाट
तिची कुठे राहिली असती?

मग चहा, बिस्किटं, फोटो.
झोपलेला मुलगा कधीच निघून गेला होता.
दाराशी एक मुलगी घुटमळत होती, मिल्का नावाची.
आधी हवेबद्दल बोलली, मग सरोवरातल्या जलपर्णीबद्दल,
ताकाला येऊन भांडं लपवत.
मीच म्हटलं, विचार.

"जुना कॉम्प्रेसर केवढ्याला पडतो?
आणि कुणाकडून घ्यायचा नाही?"

दुसरा प्रश्न ऐकला आणि मी पर्स खाली ठेवली.

आकडा सांगितला. टाळायची दोन नावं सांगितली.
पट्टा कुठला, तेल कधी बदलायचं.
ती तळहातावर लिहीत होती.
घामानं शाई पसरायची,
मग ती थांबून हातावर फुंकर घालायची,
पुढची ओळ लिहिण्याआधी.