निळी सुतळी

थांब, फिआक्रा. पंप पाठीवर चढवू नकोस अजून.
आधी वाऱ्याला विचार.
तारेच्या काट्याला मेंढीच्या लोकरीचा पुंजका अडकलाय तो बघ.
हलत नाही म्हणतोस? नीट बघ.
ओढ्याकडे बोट दाखवतोय तो.
ओढ्याच्या खालच्या अंगाला मिसेस टायर्नीची विहीर,
आणि त्या विहिरीच्या पाण्यावर तिचा दिवसभराचा चहा.
म्हणून आज नाही.

उद्या पहाटे बघू. दव वाळल्यावर,
आणि पिवळ्या फुलांवर मधमाश्या यायच्या आत.
ही वेळ निसटली की संध्याकाळ, नाहीतर परवा.
गवताला घाई नसते. घाई माणसाला असते.

याला आमच्या भाषेत बुअखलान म्हणतात,
म्हणजे पिवळं पोर.
आत्ता ते जमिनीला गाल लावून निजलंय, पानांचा नुसता चकवा.
जुलैत कमरेइतकं होतं, सोन्यासारखं फुलतं,
डब्लिनची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात.
घोड्याचं यकृत फोटो काढत नाही.

लेबल वाच. हो, पूर्ण. हे घे भिंग.
एवढ्या बारीक अक्षरात लिहिलंय
म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार.
माप झाकणानं घ्यायचं, अंदाजानं नाही.
जरा जास्त टाकलं की जास्त मरेल,
हे दारूच्या दुकानातलं शहाणपण इथं चालत नाही.
फवारा क्लोव्हरवर गेला तर तेही जाणार, हे आधी कबूल कर,
मग एकेका रोपावर वाक.
हातमोजे घाल. ते नाहीत रे, ते भांडी घासायचे.

आणि उरलेलं औषध लेमोनेडच्या बाटलीत
कधी, कधीच ओतायचं नाही.
का, ते विचारू नकोस.
किल्टाबरच्या दफनभूमीत भिंतीलगत एक लहान दगड आहे.
त्यावर वय वर्षांत लिहिलेलं नाही.

माझा बाप शिस्तीचा होता. हे सगळं करायचा.
वारा बघायचा, साबणानं कोपरापर्यंत धुवायचा,
कॅन तीनदा विसळून, विसळलेलं पाणी पंपातच ओतून,
तळाला खिळ्यानं भोक पाडून ठेवायचा,
कुणी त्यात दूध भरू नये म्हणून.
फक्त फाटकाचं चुकलं.
वरचं कुरण खरडून संपलेलं, घोडी उपाशी,
पिवळी पोरं मान टाकून पडलेली.
मेलं की म्हणाला. तिसऱ्या दिवशी फाटक उघडलं.

जिवंत असताना ते कडू असतं, जनावर तोंड फिरवतं.
मरताना गोड होतं.
विष तेवढंच राहतं, फक्त कडूपणा सोडून जातो.
क्वीनीनं आठवडाभर ते चवीनं खाल्लं,
आणि आम्ही म्हणालो, बघा, कशी भूक लागलीय तिला.

त्या नोव्हेंबरात ती गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी राहायची,
तासन् तास, भिंत ढकलायची असल्यासारखी.
बाप तिच्याशेजारी उभा राहायचा.
एकदा मी त्यालाही भिंतीला कपाळ टेकवलेला पाहिला.
मी आत गेले नाही.

तर.
उद्या तू फवारशील, मी कुंपणावर बसून चहा पिणार.
मग ही निळी सुतळी. फाटकाला दोन फेरे, वर गाठ.
कॅलेंडरवर सहा आठवडे मोजायचे,
तरी त्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही.
आत जाऊन वाकून बघायचं,
पानं कुजून मातीत गेली का,
की अजून कुठं वाळकी, गोड, वाट बघत पडलीत.

कालवडी फाटकाशी येऊन हंबरतील.
हंबरू देत.
त्यांना तू निर्दयी वाटशील. वाटू देत.

दाखव गाठ.
ही सुटते, फिआक्रा.
परत बांध.