कारण: सुट्टी

एस्किल्स्टूनात जुलैमध्ये कारखाने झोपतात.
नदी तेवढी कामावर असते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी, बस चुकेल म्हणून,
रागन्हिल्डनं मापाचे दोन ठोकळे
जोडलेले तसेच ठेवले पेटीत.
एक पंचवीस मिलिमीटरचा, एक चारचा.

जोडायला गोंद लागत नाही, चुंबक लागत नाही.
हाल्वारनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं:
मनगटाच्या आत फिरव एकदा,
नाडी बघतात तिथं.
अंगाचं तेवढं तेल पुष्कळ झालं.
आता आडवा टेकव, सरकव, वळव
आणि सोड.
तिनं सोडला, पण दुसरा हात खाली धरून.
खालचा पडलाच नाही.
हाल्वार हसला, त्या हाताला.

खडबडीत असतं ते घासतं,
घोटत गेलं की सरकतं,
हे खरंच आहे, एका हद्दीपर्यंत.
पुढे अशी जागा येते
जिथं दोघांच्या मध्ये हवेलाही पाट मांडता येत नाही.
तिथं गुळगुळीतपणाच धरून ठेवतो,
आणि शीव कुठं होती
ते पोलादाला सांगता येत नाही.

पाच आठवड्यांनी पेटी उघडली.
सरकेनात. रॉकेलमध्ये बुडवले, तरी नाहीत.
हातोडीकडे तिची नजर गेली
तेव्हा हाल्वार फक्त खाकरला.
फ्रीजमध्ये ठेवले रात्रभर,
त्याच्या हेरिंगच्या डब्याशेजारी.
सकाळी त्यानं एकच बाजू तळहातावर धरली, बराच वेळ,
आजारी पाखरू धरावं तशी.
कट्.

चारच्या अंगावर तांदळाएवढा डाग.
इथलं तिकडे गेलं की तिकडचं इथं आलं,
भिंगालाही ठरवता येईना.

ती म्हणाली, चूक माझी.
तो तिला शेजारच्या शेडमध्ये घेऊन गेला.
तीस वर्षं तो तिथं यंत्रांच्या सपाट पाठी
पात्यानं खरवडत आलाय,
मुद्दाम, चंद्रकोरीएवढे ओरखडे,
तेल साचायला.
नाहीतर जागची हलणार नाहीत, म्हणाला,
इतकी चांगली झालीत ती.

मग नोंदवहीत लिहिलं:
चार मिलिमीटर. बाद.
कारण: सुट्टी.

तो ठोकळा आता रागन्हिल्डच्या कोटाच्या खिशात असतो.
बसमध्ये ती त्यावरून अंगठा फिरवते.
काचेसारखा जातो, जातो,
आणि एका ठिकाणी
जरासा अडतो.