झडीचा हिशेब, भिंत ३१५ अंश

फॉर्मवर रकाना आहे: भिंतीची दिशा, अंशांत.
दोन्या एर्सिरा म्हणाली,
मुलगा शिंपल्यांची होडी घेऊन परततो ना,
तिकडे बघते ही.
मी होकायंत्र लाकडाला टेकवलं.
तीनशे पंधरा. वायव्य.

लेमुय बेटावर पाऊस पडत नाही,
येतो.
पडतो तो पर्जन्यमापकात जातो.
भिंतीला लागते ती झड;
तिच्यासाठी भांडं नाही,
म्हणून माझी नोकरी.

ऑफिसात वीस वर्षांचे तास आहेत एका फाइलीत,
धावपट्टीशेजारच्या केंद्रातून आलेले,
पावणेदोन लाख ओळी:
वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, मिलिमीटर.
एकेका तासाला उभं करून विचारायचं,
कुठून आलास, या भिंतीशी किती कोनात?
पावसाचा आठ-नवमांश घात,
गुणिले वारा, गुणिले कोसाइन.
कोसाइन उणे आलं की तास सोडून द्यायचा.
कितीही कोसळला असेल,
मागच्या भिंतीवर कोसळला,
हिच्या खिजगणतीत नाही.
पहिल्या वर्षी मला ही चोरी वाटायची.

जूनमधल्या एका रात्रीचे नऊ तास कोरे.
त्या रात्री मापकाचा खांबच गेला होता.
नियम सांगतो, शेजारच्या केंद्रावरून भरा.
भरले.

बेरीज, भागिले वीस, गुणिले दोन-नवमांश.
मग शेवटचे गुणक: जमिनीचा खडबडीतपणा, उतार, अडथळा.
नकाशात भिंतीसमोर सात मीटरवर एक घर.
म्हणजे अडथळा शून्य पूर्णांक दोन.
उत्तर आलं किरकोळ.
अनुदान बसत नाही, असं सांगायलाच
मी दुसऱ्यांदा बोटीत बसले.

तिनं काही न बोलता माझं बोट धरून
आलेर्सेच्या दोन फळकुटांमध्ये घातलं.
आतलं लाकूड
चहात बुडवलेल्या पावासारखं दबलं.
घरात पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला,
मधल्या जागेत परात.

पण समोरचं घर, मी म्हटलं, आणि खिडकीतून पाहिलं.
गवत होतं. गवतात चार दगड, चौकोनात.

ते? ते गेलं.
सोफानोर चिगुआयचं. आठ वर्षं झाली फेब्रुवारीत.
खिडक्या काढल्या, खाली ओंडके घातले,
बैलांच्या सहा जोड्या, माणसं तर अख्खं गाव.
चढावर अडकलं तेव्हा मीसुद्धा दोराला हात लावला.
साठ जणांचे मिल्काओ मी तळले, एकटीनं.
धुराड्यासकट गेलं खाडीकाठी,
आत ओटिलियाची मांजर, उतरायलाच तयार नाही.

मी तिथंच, परातीच्या काठावर कागद ठेवून,
शून्य पूर्णांक दोन खोडलं. लिहिलं एक.
वारा तोच, पाऊस तोच,
विसातलं एकही साल जास्त ओलं नाही.
झड पाचपट.

पाच भागांतले चार ते घर खात होतं, मी सांगितलं.
चार? तिनं पदर नसलेल्या खांद्यावरची शाल सारखी केली
आणि हसायला लागली.
अगं, ओलीला कंटाळूनच तर गेले ते!
ओटिलिया रोज म्हणायची, आमच्याच भिंती कुजतात,
तुमच्या बघ, ठणठणीत.
मी म्हणायचे, तू चूल नीट पेटवत नाहीस.

बराच वेळ ती त्या चार दगडांकडे बघत होती.

आता कोरडे आहेत का तिथं, मी विचारलं.
पुढे टेकडी आहे त्यांच्या, ती म्हणाली.
मग थांबून: मी कधी विचारलं नाही.

फॉर्म पुरा झाला. बाराशे फळकुटं, खिळे वेगळे.
नकाशातलं घर खोडायला ऑफिसात अर्ज करावा लागतो,
तो केला.
बोट सुटताना ती धक्क्यावर नव्हती;
खाडीकडच्या वाटेनं निघालेली दिसली,
हातात झाकलेलं ताट,
वायव्येकडे पाठ.