घर ओढताना

आमच्या चिलोए बेटावर माणूस गाव बदलतो
तेव्हा घरही सोबत नेतो.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या बारा जोड्या,
आणि सगळ्यांच्या पुढे मी, एलिसेओ नाउएल्किन,
बावीस वर्षं ओरडतोय: ओढा!

यंदा आदल्या रात्री घसा बसला.
रोसाल्बाने लसूण-मध चाटवला.
फुंकर निघाली, शब्द नाही.
भरती दुपारी तीनची. समुद्र कुणाच्या घशासाठी थांबतो?
मग मी मागे जाऊन उभा राहिलो,
मागच्या उंबऱ्यापाशी, जिथे मी कधीच नव्हतो.

तिथून दिसलं ते असं:
चिगुआयची धाकटी, मोकळा झालेला ओंडका खांद्यावर घेऊन
धावत पुढे नेऊन टाकते.
म्हातारा बास्तियास बैलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवतो,
आणि जोडी उतारावर दबकत चालते.
कुणीतरी शीळ घालतं. दोर ताणतो.
घर सरकतं,
आत चुलीवर विसरलेली किटली खणखणते.

माझी हाक
त्यांच्या पावलामागून यायची, इतकी वर्षं,
आणि मला वाटायचं
पाऊल हाकेमागून येतंय.

एकदाच ती पुढे गेली होती.
नऊ वर्षांपूर्वी, देवळाखालच्या उतारावर,
पाणी ओसरतंय बघून माझ्या पोटात गोळा आला
आणि मी ओरडलो.
निकानोरचा पाय अजून ओंडक्यापाशी होता.
पुढे सगळ्यांना सांगितलं, पोरगं बेसावध होतं.
सांगून सांगून मलाही ते पाठ झालं.

घर पाण्यात उतरलं. होड्यांनी दोर घेतला.
छपरावर बसून एक कुरव पैलतीरी गेला, फुकटात.
लोक सफरचंदाच्या दारूकडे वळले,
बटाट्याच्या गरम भाकरीकडे.
मी उलट्या वाटेने निघालो.

निकानोर दारात जाळं सांधत बसला होता,
पाय स्टुलावर.
वाटेत जुळवलेली चार वाक्यं घशाशीच अडली.
हातांनी सांगायला गेलो: मी. ओरडलो. आधी.
लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं,
हा माणूस माश्या हाकलतोय.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग जाळ्याचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.
"ताणून धर," म्हणाला,
"आणि मी सांगेपर्यंत सोडू नको."