निळा पट्टा धुताना

कोमट पाणी, मूठभर साबणाचा चुरा,
आणि बादलीत आमच्या संघाचा पट्टा.
पाणी आधी निळं झालं, मग राखाडी.
कुणाचा घाम कुठला,
आता सांगता येणार नाही.

दर फेब्रुवारीत ही शर्यत,
कुजिहामाच्या बंदरापासून दीपगृहाच्या टेकडीपर्यंत.
सहा टप्पे, सहा माणसं,
आणि खांद्यावरून खांद्यावर जाणारा हा एवढा हातभर रुंद कपडा.
माणूस मागे राहिला तरी चालतं.
पट्टा राहता कामा नये.

पहिला रिन्तारो, सोळा वर्षांचा.
बजावलं होतं, बाबा रे, दम राखून.
बार झाला नि पोरगं सुटलं
मागे कुत्रं लागल्यासारखं.
दुसरी तोमोए, तोफूवाली,
पहाटे तीनला उठून सोयाबीन दळून आलेली,
मनगटांना अजून तोच वास.
तिसरी मी. माझ्या वाट्याला चढ.
चढाचं काय सांगायचं?
वर पोस्टातला ओकिनो दोन्ही हात हलवत होता,
"न्हावीणबाई, आण इकडे, आण!"
एवढंच आठवतं.

ओकिनोच्या टप्प्यातली सगळी दारं त्याच्या ओळखीची.
एका म्हाताऱ्याने कुंपणावरून विचारलंच,
माझं पेन्शनचं पत्र?
आणि हा म्हणे थांबला.
थांबलो नाही, तो अजून शपथेवर सांगतो,
नुसतं "सोमवारी" म्हणालो.

पाचवा त्सुकुदा. सदुसष्ट वर्षांचा.
चाळीस वर्षं फेरीबोट चालवली,
धुक्यातसुद्धा वेळ चुकली नाही.

शेवटच्या नाक्यावर आम्ही, अंगाभोवती चादरी,
रस्त्याकडेला मळका बर्फ.
नियम असा, की बारा वाजून दहा मिनिटांनी
थांबलेल्यांना सोडून देतात,
पट्टा आला नसेल तर
संयोजकांचा पिवळा देऊन.
मिनोरी रेषेवर, हात मागे केलेला.

वळणावर तो दिसला.
पोटरीत गोळा आलेला, पाय फरफटत,
पट्टा खांद्यावरून काढून मुठीत गुंडाळलेला,
धक्क्यावर दोर फेकायला उभ्या खलाशासारखा.
आम्ही ओरडलो. दुसऱ्या संघांची माणसं ओरडली.
पंच घड्याळाकडे बघत होता,
कारण रस्त्याकडे त्याला बघवत नव्हतं.

बार झाला.
मिनोरी गेली, पिवळा पट्टा घालून.
मागे वळली नाही.

अकरा सेकंद.

त्सुकुदा रेषेवर पोचला तेव्हा हात अजून पुढेच होता.
पुढे कुणी नव्हतं.
कुणी काही बोलेना. तोमोएने थर्मासचं झाकण
उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

मग ओकिनो उठला.
शर्यतीचे बूट काढून रबरी घातले होते त्याने,
तसाच आला, त्सुकुदाच्या मुठीतून पट्टा सोडवला,
गळ्यात घातला.
"पोचवतो," म्हणाला.
आणि फुटपाथवरून निघाला, थपक थपक,
त्याच्यामागे रिन्तारो, हातात मोजे,
त्यामागे तोमोए, थर्माससकट.
मी त्सुकुदाला गाडीत घातलं, खिडकी उघडली,
आणि त्यांच्या बाजूबाजूने हळूहळू हाकली.
मागच्या ट्रकवाल्याने एकदा भोंगा वाजवला.
मग नाही वाजवला.

दीपगृहापाशी मिनोरी केव्हाचीच उभी होती,
ओठ निळे, पिवळा पट्टा परत केलेला.
ओकिनोने दोन्ही हातांनी हा दिला.
तिने सहीसाठी कागद मागितला.
तेव्हा कुठे त्सुकुदा हसला,
हसता हसता पोटरी धरून कळवळला.

सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं,
कितवे आलात?
सतरावे.
किती संघांतून?
अठरा.
मग अठरावा?
तो अर्ध्यातून घरी गेला.

दोनदा खळबळलं, तरी खांद्याच्या घडीत
मिठाची एक रेघ राहिलीच आहे.
दुकानामागे टॉवेलांच्या रांगेत
पट्टा वाळत घातलाय.

दुपारी त्सुकुदा आला, लंगडत.
आरशातून मागच्या दारातला निळा रंग बघत बसला.
मानेवरचे जरा कमी कर, म्हणाला.
कात्री चालू होती.
मग म्हणाला,
पुढच्या वर्षी चढ मला दे.

चढ माझा आहे, मी म्हटलं.
मान खाली घाला.